मागे घेतलेली साक्ष

दानूभाऊंना कुणी 'काळजी करू नका' म्हटलं की राग यायचा. एरवी हा माणूस रागावलेला मी फारसा पाहिला नाही. रस्त्यात आडव्या बसलेल्या म्हशीलासुद्धा ते इतका हलका हॉर्न मारत की ती कान हलवून पुन्हा रवंथ करायला लागे, आणि मग मलाच खाली उतरून तिला हाकलावं लागे. पण हे तीन शब्द कानावर पडले की त्यांची मान ताठ होई.

दानिएल पाटोळे हे त्यांचं पूर्ण नाव. एसटीत ते ड्रायव्हर, मी कंडक्टर. आमची जोडी नऊ वर्षं टिकली. इतकी वर्षं कित्येकांचे संसार सुखानं चालत नाहीत. ते मला मास्तर म्हणायचे, मी त्यांना दानूभाऊ. भूमहून निघायचं, वाशी करत तेरखेड्याला जायचं, येरमाळ्याला टेकायचं आणि परत फिरायचं.

एकदा वाशीच्या स्टँडवर एक बाई चढली. नवऱ्याचं बार्शीला पोटाचं ऑपरेशन झालेलं, आणि पोरं शेजारणीकडं सोडून हिला आत्ता कुठं निघता आलेलं. पदरात तोंड खुपसून ती रडत होती. तिकीट देताना मी म्हटलं, "काळजी करू नका, बाई. सगळं ठीक होईल." मी आपला माणुसकीनं बोललो होतो. येरमाळ्याला गाडी लागली तसे दानूभाऊ केबिनमधून उतरून दारापाशी येऊन उभे राहिले.

"बाई, मास्तरांचं ऐकू नगा. माणूस दवाखान्यात हाय म्हटल्यावर काळजी न्हाय करायची तर काय करायचं? करा काळजी. पर एकटीनं करू नगा. मालकाचं नाव काय?"

बाई नवऱ्याचं नाव कसं घेणार? ती लाजली, रडं विसरून तिनं पदर दातात धरला. शेवटी शेजारच्या म्हातारीनं सांगितलं, "तुळशीराम." झालं. दुसऱ्या दिवसापासून गाडी सुरू करायच्या आधी दानूभाऊ पुटपुटायला लागले, "प्रभू, तो तुळशीराम. बार्शीचा. इसरू नको." दहा-बारा दिवसांनी तो तुळशीराम खुद्द टाके काढून, पोट धरून आमच्याच गाडीत बसला. मी ओळख करून दिली. दानूभाऊंनी त्याला नीट खालीवर न्याहाळला आणि म्हणाले, "तुमीच व्हय? बरं झालं. आता तुमच्या जागी दुसऱ्याला घेतो."

माझं सांगायचं तर मी तुळजापूरचा. आमचं घराणं पुजाऱ्यांचं. देवाच्या दारात लहानपण गेलं की माणूस एकतर भक्तीत बुडतो, नाहीतर निवांत होतो. मी निवांत झालो. त्यामुळं दानूभाऊंच्या या पुटपुटण्याची मी सुरुवातीला भरपूर थट्टा केली. त्यांना तिचं काहीच वाटायचं नाही. आमच्या गाडीच्या काचेवर कुणीतरी देवीचा फोटो चिकटवलेला होता. ख्रिस्ती माणूस, आता हा तो काढून टाकणार, असं मला वाटलं होतं. त्यांनी रोज काच पुसायच्या फडक्यानं तो फोटोही पुसला. मी विचारलं तर म्हणाले, "दुसऱ्याच्या देवावर धूळ बसू द्यायची व्हय?" दसऱ्याला गाड्यांची पूजा असायची तेव्हाही तसंच. पहाटे येऊन गाडी धुवायची, झेंडूचं तोरण स्वतः बांधायचं, आणि नारळ फोडायच्या वेळी बाजूला जाऊन उभं राहायचं. "धुवायचं काम माझं, फोडायचं तुमचं," म्हणायचे.

हा माणूस मुळातच काळजी करणारा होता, हे मला हळूहळू कळलं. घराला कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून बघत. फाटकापर्यंत जाऊन चौथ्यांदा परत येत. त्यांच्या बायको रूथवहिनी अंगणवाडीत होत्या. त्या हसून म्हणायच्या, "ह्यास्नी काळजीला कारण लागत न्हाय, भाऊजी. कारण नसलं की म्हंत्यात, आज काळजी का वाटंना, कायतरी इसरलोय." आणि म्हणूनच त्यांची प्रार्थना इतकी रोजची, इतकी घरगुती होती. बॉनेटवर हात ठेवून ते देवाशी बोलायचे ते गावच्या थोरल्या भावाशी बोलावं तसं. आज बाजार हाय, म्हातारी माणसं चढायला येळ लावतील, माझं डोकं तापू देऊ नको. आज झोप नीट न्हाय झाली, मला जागं ठेव. मी एकदा म्हटलं, "दानूभाऊ, एवढी श्रद्धा आहे तर मग काळजी कशाची?" ते म्हणाले, "काळजी हाय म्हणून तर त्याच्याकडं जातो, मास्तर. ती नसती तर म्या कशाला त्याला रोज तरास दिला असता?"

मग तो अपघात झाला.

वाशीच्या पुढं एक उतार आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला ओढ्याची खोल कड. वळणावर जुनी चिंच आहे म्हणून आम्ही त्याला चिंचेचा उतार म्हणायचो. मार्चमधल्या एका दुपारी तिथं समोरून येणारी मोटारसायकल खडीवरून घसरली आणि तिच्यावरचा माणूस आमच्या मागच्या चाकाखाली आला. मी मागच्या सीटवर तिकीट फाडत होतो. गाडी एकदा किंचित उचलली गेली, एवढंच मला जाणवलं. खाली उतरून बघितलं तेव्हा काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

चौकशी झाली. ड्रायव्हरची चूक नाही असा निकाल लागला. पण माणसाच्या आत एक निराळी चौकशी बसते आणि तिचा निकाल लवकर लागत नाही. दानूभाऊ घरी बसले ते बसलेच. दाढी करणं सोडलं, जेवण सोडलं. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. रूथवहिनींनी निरोप पाठवला म्हणून मी गेलो.  दानूभाऊ भिंतीकडं बघतच म्हणाले,

"प्रार्थनेला बसतो, मास्तर, तर शब्दच येत न्हाईत."

"मग?"

"मग काय. बसून ऱ्हातो. म्या कशाला बसलोय ते त्याला ठाव हाय."

मला त्या वेळी काय बोलावं ते सुचलं नाही. निवांत माणसाची ही अडचण असते, ऐन वेळी त्याच्याजवळ घ्यायला कुणाचं नाव नसतं.

त्यांच्या मंडळीची, म्हणजे चर्चमधल्या लोकांची, बारा-तेरा घरं होती, सगळी हातावर पोट असलेली. पत्र्याच्या एका खोलीत दर रविवारी त्यांची उपासना व्हायची. ती माणसं रोज संध्याकाळी आळीपाळीनं दानूभाऊंच्या घरी येऊन बसायची. कुणी भजन म्हणायचं, कुणी नुसतंच पाय चेपायचं. कुणी भाकरी घेऊन यायचं आणि घास हातात देऊन समोर बसून राहायचं. रूथवहिनींनी त्यांना धाराशिवला सरकारी दवाखान्यात, मनाच्या डॉक्टरकडं नेलं. गोळ्या सुरू झाल्या. दोन्हींचा मिळून गुण आला. तीन महिन्यांनी दानूभाऊ गुळगुळीत दाढी करून ड्युटीवर हजर झाले तेव्हा मला खरंच रडू आलं. मी ते शिंकेवर निभावून नेलं.

इथवर सगळं चांगलं होतं. घोटाळा झाला तो पुढच्या रविवारी.

त्यांच्यात उपासनेच्या वेळी साक्ष देतात. देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. दानूभाऊ उभे राहिले आणि म्हणाले, प्रभूनं माझं भ्या काढून टाकलं. लोक रडले. उपासना चालवणाऱ्या पाळकांनी त्यांना मिठी मारली. दुसऱ्या दिवशी ते मला सांगत होते तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. "मुळासकट गेलं, मास्तर." बोलले ते मनापासून बोलले होते, त्यात लबाडी नव्हती. फक्त गोळ्यांचा उल्लेख साक्षीत राहून गेला.

ती साक्ष मग गावोगाव फिरली. भूममधून पाथरूडला गेली, पाथरूडहून आणखी कुठं. लोक दानूभाऊंकडं यायला लागले. कुणाला झोप नाही, कुणाच्या छातीत धडधड, कुणाची सून कोपऱ्यात बसून राहते. सगळ्यांना हवं होतं, दानूभाऊंनी डोक्यावर हात ठेवावा आणि त्यांचं गेलं तसं आपलंही जावं.

पावसाळा सरत आला तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. चिंचेचा उतार लागला की गाडी माणूस चालेल इतक्या वेगानं जायला लागली. मागून ट्रकवाले शिव्या घालत. एक दिवस मी पुढं जाऊन बघितलं. दानूभाऊंचा सदरा पाठीवर, छातीवर, बाह्यांवर ओला झाला होता. बाहेर गार वारं होतं. येरमाळ्याला गाडी लावल्यावर मी त्यांना स्टँडच्या मागं नेलं.

"गोळ्या घेताय ना?"

"सोडल्या."

"डॉक्टरनं सांगितलं?"

"न्हाय. चारचौघांत म्हटलो, प्रभूनं बरं केलं. मग सांच्याला गोळी कशी गिळायची? गोळी गिळली की साक्ष खोटी झाली."

"मग सांगून टाका ना, की भीती परत आलीय म्हणून."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मला एक साधी गोष्ट कळली नव्हती. "तुमाला कळत न्हाय, मास्तर. मला कुणी खोटं म्हणणार न्हाय. त्याला म्हंतील." आणि बोट वर केलं.

मी भडकलो. दुनियेला सांगता एकट्यानं काळजी करू नका, आणि स्वतः? रूथवहिनींना तरी ठाऊक आहे का? ते मान खाली घालून उभे राहिले. वहिनींना ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, मी डेपोच्या साहेबांना सांगतो. तेव्हा त्यांनी माझा हात धरला. 

"स्टीअरिंग गेलं की लोक इचारतील का गेलं. थोडं दिस द्या. म्या गातो. भजन म्हणत गाडी चालवली की भ्या लांब ऱ्हातं. माझा आवाज थांबला तर सिंगल बेल मारा, म्या तिथंच गाडी उभी करतो."

आणि मी 'बरं' म्हटलं. हे मला स्वच्छ सांगितलं पाहिजे. गाडीत चाळीस-पन्नास माणसं असायची. त्यांच्या जिवाचा व्यवहार मी एका मित्राशी, एका भजनावर केला. दया आली होती हे खरं. नऊ वर्षांची जोडी मोडेल याचीही भीती होती. कारण काहीही असो, मी गप्प बसलो.

पुढचे दोन महिने मी आयुष्यात कधी केली नाही अशी नोकरी केली. उतार जवळ आला की मी सगळी तिकिटं आधीच उरकून पुढच्या सीटजवळ, दांडीला धरून उभा राहायचो. दानूभाऊंचा आवाज जाडाभरडा, इंजिनावरून ऐकू येईल असा. कडवं संपलं की ते श्वास घ्यायचे. तेवढ्या श्वासापुरताही माझा हात बेलच्या दोरीवर जायचा. लोकांना वाटायचं, काय आनंदी ड्रायव्हर आहे. तेरखेड्याच्या फटाक्यांच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या बायका असायच्या, दारूनं करडी झालेली बोटं पदरात गुंडाळलेल्या. त्यांना ती चाल पाठ झाली होती. त्यांच्यातल्या सगुणाबाई तर दानूभाऊंच्याच मंडळीतल्या. त्या पहिल्या सीटवर बसून साथ द्यायच्या. मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटायचं, की बाई, गप्प बसा, मला त्यांचा एकट्याचा आवाज ऐकू दे. रात्री घरी जेवताना माझी बायको म्हणायची, तुमचं लक्ष कुठं असतं? मी म्हणायचो, कुठं नाही.

दिवाळीच्या आधीचा शुक्रवार होता. तेरखेड्याहून परत येताना गाडी खचाखच भरलेली. मागच्या सीटखाली एका माणसानं गोणपाट दडवलं होतं. वासावरूनच कळलं की आत फटाके आहेत. एसटीत फटाके न्यायला बंदी. तो म्हणे पोरांसाठी घेतलेत, मी म्हणे खाली उतर. त्या वादात किती वेळ गेला मला कळलं नाही. अचानक जाणवलं, गाडीत शांत आहे. म्हणजे माणसं बोलत होती, पोरं रडत होती, इंजिन चालू होतं, पण जे ऐकायचं ते ऐकू येत नव्हतं. आणि चिंच दिसत होती.

मी दोरी ओढली. गाडी थांबली नाही. पुन्हा ओढली. समोरून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन चढ चढत होता आणि आमची गाडी हळूहळू कडेच्या अंगाला सरकत होती. ना वेग वाढत होता ना ब्रेक लागत होता. मी माणसांच्या अंगावरून, पिशव्यांवरून, कुणाच्या तरी पायावर पाय देत पुढं गेलो. दानूभाऊ स्टीअरिंग गच्च धरून समोर बघत होते आणि त्यांना काही दिसत नव्हतं.

"दानूभाऊ, ब्रेक!"

काही नाही. मग मी त्यांच्या कानाशी जाऊन काय बोललो ते मला त्या वेळी ठरवावं लागलं नाही. ते आपोआप तोंडातून आलं. मी म्हटलं, "दानिएल, गाडीत माणसं आहेत."

ब्रेक लागला. पुढं उभे असलेले सगळे एकमेकांवर आदळले. ट्रॅक्टर बाजूनं घरघरत निघून गेला. खाली उतरून बघितलं तर पुढचं डावं चाक साईडपट्टी सोडून वीतभर बाहेर गेलेलं होतं. त्याच्या पुढं माती होती आणि मातीच्या पुढं ओढा.

कुणाला काही झालं नाही. आणि मग जे झालं ते त्या चाकापेक्षा वाईट होतं. लोक दानूभाऊंभोवती जमले आणि त्यांचे आभार मानायला लागले. ट्रॅक्टरवाला अंगावर आला, यांनी वाचवलं, असंच सगळ्यांना वाटलं. एका म्हातारीनं त्यांच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. सगुणाबाई म्हणाल्या, "प्रभूचा हात हाय ह्यांच्यावर." दानूभाऊ दगडावर बसले होते. हे ऐकून ते उठले आणि चिंचेच्या मागं जाऊन ओकले.

मी डेपोला फोन केला. ड्रायव्हरला चक्कर आलीय, दुसरा पाठवा. मागून येणाऱ्या गाडीत आम्ही पॅसेंजर बसवून दिले आणि दोघंच चिंचेखाली राहिलो. मी म्हटलं, "आता बास. उद्या मी सांगणार."

"सोमवारी सांगा. तवर म्या गाडीला हात लावत न्हाय, रजा टाकतो."

"सोमवारच का?"

"मधी रईवार हाय. आधी तिथं बोलायचंय. तिथं बोललो तर इथं बोलता यील." थोड्या वेळानं म्हणाले, "तुमी याल का, मास्तर? मागं बसा. काय बोलू नगा."

रविवारी मी गेलो. पत्र्याची खोली, खाली सतरंजी, बाहेर चपलांचा ढीग. पुरुष एकीकडं, बायका एकीकडं. मी दाराशी बसलो. पाळक वयानं लहान होते, चष्मा लावलेले, बोलायला मऊ. भजनं झाली, शास्त्रपाठ झाला, आणि त्यांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे? शुक्रवारची बातमी सगळ्यांना लागली होती. सगळ्या माना दानूभाऊंकडं वळल्या. लोकांच्या चेहऱ्यावर आधीच हसू होतं.

दानूभाऊ उठले.  वर पत्रा उन्हानं कडकड वाजत होता.

"म्या इथं एक साक्ष दिली हुती," ते म्हणाले. "ती परत घ्यायला आलोय."

कुणाला काही समजलं नाही.

"माझं भ्या गेलेलं न्हाय. मधी कमी झालं हुतं, त्यात गोळ्याबी हुत्या. ते म्या तुमाला सांगितलं न्हाय. गोळ्या सोडल्या. भ्या परत आलं. शुक्रवारी ट्रॅक्टरची चूक नव्हती. माझे हातपाय गोठले हुते. सगुणाबाई, तुमी गाडीत हुता. तुमाला म्या मारलं असतं."

सगुणाबाईंनी तोंडावर पदर घेतला.

"मला वाटलं, भ्या वाटतंय म्हटलं तर प्रभूची अब्रू जाईल. म्हणून म्या त्याची अब्रू राखत बसलो, आन् पन्नास माणसं त्या पायी ओढ्यात जाणार हुती. त्यानं मला सोडलेलं न्हाय. भ्यानंबी सोडलेलं न्हाय. दोन्ही खरं हाय. आता ही साक्ष समजायची का न्हाय, ते तुमी ठरवा."

ते खाली बसले नाहीत. उभेच राहिले, हात मांडीला चिकटवून, साहेबासमोर उभं राहावं तसे.  ही माणसं आता याला काय करतील? पंधरा दिवसांपूर्वी याच्या हाताखाली ज्यांनी डोकं वाकवलं होतं ती माणसं होती ही. कुणी तरी खाकरलं. कुणी उठून बाहेर गेलं, परत आलं. पाळकांनी चष्मा काढला आणि हातातच धरून ठेवला.

मग बायकांच्या बाजूनं सगुणाबाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकत, सावकाश.

"म्याबी सांगितलं हुतं, झोप येती म्हणून," त्या म्हणाल्या. "न्हाय येत. कारखान्यात बहीण जळाली, तवापासून न्हाय येत. सगळ्यांचं बरं व्हतंय, माझंच कसं न्हाय म्हणावं, म्हणून म्हटलं, येती."

त्या बसल्या नाहीत. पुरुषांतला एक गवंडी उठला. त्यानं तोंडानं काही सांगितलं नाही, नुसता उभा राहिला. मग आणखी एक बाई. त्या खोलीत पाच-सहा माणसं तशी उभी होती आणि बाकीची त्यांच्याकडं बघत होती. मी दाराशी बसलो होतो आणि रडत होतो, आणि या वेळी शिंकेचं निमित्त करावंसं वाटलं नाही. आमच्या घराण्यानं पिढ्यानपिढ्या देवाच्या पायाशी काढल्या, पण देवासमोर इतकं खरं बोलताना मी कुणाला ऐकलं नव्हतं.

पाळक दानूभाऊंजवळ आले. मला वाटलं, आता प्रार्थना म्हणतील. त्यांनी विचारलं, "गोळ्या हायत का घरी?"

"टाकून दिल्या."

"दवाखान्यात मी येतो संगट. मीबी तुमाला गोळ्यांचं इचारलं पायजे हुतं, न्हाय इचारलं." आणि मग सगुणाबाईंकडं वळून म्हणाले, "तुमीबी चला."

सोमवारी आम्ही साहेबांच्या टेबलासमोर उभे राहिलो. दानूभाऊंनी सगळं सांगितलं, अपघातापासून. साहेब ऐकत राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, "तुमच्या कंडक्टरला हे माहीत होतं का?"

दानूभाऊंनी उत्तर दिलं नाही. खोटं बोलायचं नाही असं ठरवून आलेला माणूस, आणि खरं बोललं तर मित्र अडकतो. त्यांच्या कपाळावर घाम आला. उतारावर येत असे तसाच. ते बघून मी म्हणालो, "होतं, साहेब. दोन महिने होतं."

मला मेमो मिळाला. मिळायलाच हवा होता. दानूभाऊंची वैद्यकीय तपासणी झाली आणि स्टीअरिंग गेलं ते कायमचं. त्यांना पर्यायी काम म्हणून डेपोच्या गेटवर बसवलं. जाणाऱ्या-येणाऱ्या गाडीचा नंबर लिहायचा आणि दांडी वर करायची. काही जण हसले. शर्यतीच्या बैलाला घाण्याला जुंपलं, असंही कुणी म्हणालं. दानूभाऊ रोज गोळी घेत, रोज प्रार्थना करत, आणि कुणी विचारलं, "काय, आता बरं हाय का?" तर सांगत, "आज सकाळपासून बरं हाय." त्याच्या पुढचं ते बोलत नसत. कुलूप अजूनही तीनदा ओढत. त्यांच्याकडं येणारी माणसं मात्र कमी झाली नाहीत. उलट वाढली. आता ती डोक्यावर हात ठेवून घ्यायला येत नसत. गेटच्या बाकड्यावर येऊन बसत, आणि दानूभाऊ त्यांना दवाखान्याचा वार सांगत आणि त्यांचं नाव विचारून घेत.

गेटवर गाड्या खोळंबतात अशी तक्रार व्हायला लागली. दांडी उचलायला हा माणूस उशीर का लावतो, कुणाला कळेना. मी एकदा जाऊन विचारलं. ते जरा लाजले.

"गाडीवर हुतो तवा सव्वीस वर्षं उघड्या डोळ्यांनी मागितलं, मास्तर. रस्त्याकडं बघत बघत. आता डोळं मिटून मागायची सवड घावलीय. एका गाडीला कितीसा येळ लागतोय?"

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. शेवटच्या दिवशी माझी ड्युटी त्याच रस्त्यावर होती. गाडी गेटपाशी आली. दानूभाऊंनी नंबर लिहिला, वही मिटली, दांडीवर हात ठेवला आणि डोळे मिटले. ओठ हलत होते. त्या दिवशी त्यांना जरा जास्तच वेळ लागत होता. मागं दोन गाड्या येऊन थांबल्या, हॉर्न वाजायला लागले. आमचा ड्रायव्हर नवीन होता. तो मागं वळून म्हणाला, "मास्तर, सांगा की त्यांना."

मी काही सांगितलं नाही.